व्याख्येच्या कलमात सापडलेली मुले

“नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन.” मुंबई-पुण्याच्या चाळीत वाढलेल्या पोराने हे वाक्य एकदाही ऐकले नाही, असे सहसा होत नाही. माझी आजी ते म्हणायची. तिने रिमांड होमचा दरवाजा जन्मात पाहिला नव्हता, पण बागुलबुवा आणि पोलीस यांच्या जोडीला तिने हा तिसरा धाक पक्का बसवला होता. आम्ही भावंडे मुकाट्याने पाढे म्हणायला बसत असू.

पुढे कितीतरी वर्षांनी कायद्याची पुस्तके चाळताना लक्षात आले की हा शब्द मुलांना भिववण्यासाठी जन्मलाच नव्हता. मूल पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात मोठ्यांबरोबर राहू नये, न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत चार दिवस त्याला सुरक्षित जागा मिळावी, म्हणून रिमांड होम ही कल्पना निघाली. मुलाला तुरुंगापासून वाचवण्यासाठी उभी केलेली जागा लोकांच्या बोलण्यात मुलांचा तुरुंग झाली. असे का झाले, हा प्रश्न मला सोडेना. त्याचा माग काढता काढता हे पुस्तक झाले.

अनाथ, टाकून दिलेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी आपल्याकडे संस्था आणि शाळा उभ्या करणारे जे कायदे झाले, ते १८५० पासून २०१५ पर्यंत या पुस्तकात क्रमाने घेतले आहेत. मुख्य कलमांचा मराठी अनुवाद दिला आहे आणि त्याखाली माझे विवेचन आहे. कायद्याचे पुस्तक म्हटले की वाचक बिचकतो, म्हणून सुरुवातीलाच एक विनंती करतो. प्रत्येक कायद्यातले व्याख्येचे कलम आधी वाचा. शाळा कशी असावी, अधीक्षक कोणी नेमावा, हिशेब कोणी तपासावा हे सगळे नंतर येते. ‘असे मूल म्हणजे कोण’ हे कायदा आधी ठरवतो, आणि मुलाचे पुढचे दिवस त्या दोन-चार ओळींत ठरून जातात.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. एका जिल्ह्याच्या गावी मी काही वर्षे रविवारी सकाळी बालगृहात मुलांना वाचायला शिकवायला जात असे. एकदा लिपिक रजेवर होता, म्हणून अधीक्षकांनी मला दाखल नोंदवही नीट उतरवून काढायला सांगितले. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली लांबट वही. रकाने शाईने आखलेले: अनुक्रमांक, नाव, अंदाजे वय, कोणी आणले, दाखल करण्याचे कारण, आदेशाची तारीख, मुदत. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक ओळी होत्या. ‘रेल्वे स्टेशनवर एकटा आढळला.’ ‘आई मयत, वडील परागंदा.’ ‘भीक मागताना.’ ‘सायकलची चोरी.’ ‘सावत्र आईच्या मारामुळे घर सोडले.’ ‘आई तुरुंगात.’ सगळ्या एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत. आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येकाला मुदत. ज्याची आई मेली त्यालाही मुदत, ज्याने सायकल नेली त्यालाही मुदत. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दर रविवारी मला विचारायचा, “सर, माझी ऑर्डर आली का?” तो चोरीतला नव्हता. स्टेशनवर सापडलेला होता.

तो एक रकाना समजून घ्यायचा तर मागे १८५० पर्यंत जावे लागते.

त्या वर्षीचा १९ वा कायदा उमेदवारीचा, म्हणजे शिकाऊ कामगारांचा होता. त्याच्या प्रस्तावनेतच अनाथांचा आणि लोकांच्या दानावर वाढणाऱ्या गरीब मुलांचा उल्लेख आहे. अशा मुलांनी धंदा, कसब शिकावे आणि मोठेपणी आपले पोट भरावे, हा हेतू. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक एखाद्या कारागिराकडे करार करून बांधून देऊ शकत होता. करार जास्तीत जास्त सात वर्षांचा. मुलगा एकवीस वर्षांचा झाला किंवा मुलीचे लग्न झाले की तो संपे. आणि ज्याला कोणीच नाही, ज्याला आईबापांनी टाकले, किंवा जो भटकताना अथवा किरकोळ गुन्ह्यात सापडला, त्याचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेटने सही करायची. अनाथ, टाकलेला आणि गुन्ह्यात सापडलेला, तिघे तिथे पहिल्यांदा एका वाक्यात आले. कायदा लिहिणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने तिघांचा आजार एकच, रिकामपण. आणि औषधही एकच, काम.

याच सुमारास मुंबईत शिवडीला मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. ती काढण्यात ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांचा पुढाकार होता. रस्त्यावरच्या मुलांसाठी खटपट करणारा हा माणूस १८५७ च्या उठावात हिंदी लोकांविरुद्ध इतके जहाल लिहू लागला की पत्राच्या भागधारकांनी त्याला संपादकपदावरून दूर केले. दया आणि तिरस्कार एका माणसात कसे नांदतात, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. पण त्या काळच्या परोपकाराकडे पाहताना दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. त्याच १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून या कामाला मोठे रूप आले आणि डेव्हिड ससून औद्योगिक व सुधार संस्था उभी राहिली. बगदादहून मुंबईत आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याची दौलत कापूस आणि चीनला जाणारी अफू यांतून आली होती. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही त्याच संस्थेची पुढची कडी.

‘औद्योगिक’ या शब्दावर थोडे थांबतो. आज या शब्दाने आपल्याला एमआयडीसी आणि कारखान्यांची धुराडी आठवतात. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात त्याचा अर्थ कारखाना नव्हे, कामसूपणा. आपल्या ‘उद्योग’ शब्दात हे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत. ‘मुलगा उद्योगी आहे’ म्हणताना आपण त्याच्या कारखान्याबद्दल बोलत नसतो, आणि ‘नसते उद्योग करू नकोस’ हे ज्याला ऐकावे लागते, तेच पोर उद्योगशाळेत जायचे. हाताला काम लावले की मन ताळ्यावर येते, या विश्वासावर या शाळा उभ्या होत्या.

विश्वास मुळात खोटा नव्हता. मी ज्या बालगृहात जात असे, तिथे वेताच्या खुर्च्या विणण्याचा वर्ग होता. वेत आधी पाण्यात भिजत घालायचा, मऊ झाला की सोलून त्याच्या पट्ट्या काढायच्या, मग चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या ओढायच्या. तिरपी पट्टी ओढताना बोटाच्या पेरावर काप पडतो. नवीन मुलांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. जुनी मुले मात्र गप्पा मारत विणत आणि जाळी इतकी एकसारखी उतरे की पाहत राहावे. विणून झालेल्या बैठकीवर अंगठ्याने ठोकून ती मुले तिचा आवाज ऐकत. ती कला त्यांची स्वतःची झाली होती. पण त्यांच्यातल्या किती मुलांना आपले नाव न अडखळता लिहिता येत होते, हे मी रविवारी पाहत होतो.

त्याचेही मूळ कायद्यात सापडते. १८७६ चा सुधारशाळांचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला १८९७ चा आठवा कायदा. शाळा कशी हवी हे त्यात चार गोष्टींनी सांगितले आहे: रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, स्वच्छता-पाणी-अन्न-कपडे-अंथरूण, उद्योगाचे शिक्षण देण्याची साधने, आणि आजारी मुलांसाठी जागा. मी ते कलम तीनदा वाचले. शाळा म्हणवणाऱ्या जागेच्या अटींत अक्षरओळखीचा शब्द नाही. काही शाळांनी पुढे वाचन-लेखन शिकवले, ते चालकांच्या भल्या बुद्धीने. कायद्याने ते मागितले नव्हते.

या कायद्यांची पाळेमुळे इंग्लंड-स्कॉटलंडात आहेत, आणि तिथली एक गोष्ट आपल्याकडे पोचताना वाटेत गळली. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन गावात १८४१ मध्ये शेरीफ विल्यम वॉटसन यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी उद्योगशाळा काढली. तिथे मुलांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, थोडे शिक्षण, थोडे काम, आणि रात्री मूल झोपायला आपल्या घरी जाई. घर फाटके असेल, पण ते त्याचे होते. शाळेला भिंत होती, पण संध्याकाळी दार उघडत होते. पुढे ब्रिटनच्या संसदेने १८५७ आणि १८६६ मध्ये उद्योगशाळांचे कायदे केले. भीक मागणारे, घरदार नसलेले, अनाथ, ज्याचे आईबाप तुरुंगात आहेत किंवा जे चोरांच्या संगतीत वावरते असे चौदा वर्षांखालचे मूल मॅजिस्ट्रेटपुढे आणता येऊ लागले आणि त्याला शाळेत पाठवण्याचा हुकूम निघू लागला. हुकूम आला तशी मुदत आली, आणि मुदत आली तसा निवास आला. दिवसाची शाळा रात्रीची झाली.

या चळवळीतले सर्वांत मोठे नाव ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांचे. तरुणपणी त्यांनी राजा राममोहन रॉय यांना ब्रिस्टलमध्ये पाहिले होते. हिंदुस्थानविषयीचा त्यांचा जिव्हाळा तिथून सुरू झाला. १८५१ मध्ये त्यांनी सुधारशाळांवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच मुलांचे दोन वर्ग आहेत: नाश पावत चाललेले आणि धोकादायक. त्यांचा आग्रह होता की या दोघांसाठी वेगळ्या शाळा हव्यात. १८६६ पासून त्या चार वेळा हिंदुस्थानात आल्या, मुंबईही त्यांनी पाहिली, स्त्रीशिक्षण, तुरुंग आणि मुलांच्या शाळा या विषयांवर अधिकाऱ्यांशी बोलल्या. अखेरची भेट १८७५ ची आणि सुधारशाळांचा कायदा १८७६ चा.

पण आपल्या कायद्याने त्यांची निम्मीच गोष्ट घेतली. १८७६ आणि १८९७ चे कायदे फक्त शिक्षा झालेल्या मुलांसाठी होते. १८९७ च्या व्याख्येत बसण्यासाठी मुलाने गुन्हा केलेला असला पाहिजे, त्याचे वय पंधराच्या आत असले पाहिजे आणि तो मुलगाच असला पाहिजे. मुलगी त्या व्याख्येत नाही. ज्याने काहीच केले नाही असे अनाथ मूलही नाही. म्हणजे रस्त्यावरच्या पोराला सरकारच्या खर्चाने छप्पर हवे असेल तर त्याने आधी काहीतरी चोरायला हवे होते.

मग व्याख्येबाहेरची मुले कुठे जात होती? याचे उत्तर सरकारी दप्तरात नाही, आपल्या गावांत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. पंढरपुरात वारीच्या गर्दीत विधवा बाया येत, बाळंत होत आणि समाजाच्या भयाने बाळ तिथेच सोडून जात. ज्याला आपण अनाथांचा नाथ म्हणतो त्याच्याच गावात. त्या मुलांसाठी १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लोकांनी बालकाश्रम काढला. त्यात पुढाकार घेतला लालशंकर उमियाशंकर यांनी, जे गुजरातेतून येऊन तिथे न्यायखात्यात काम करीत होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. मला हे साल नेहमी थांबवते. कलकत्त्याला कायदेमंडळ ‘मुलगा’ या शब्दाची व्याख्या करीत होते, त्याच वर्षी रमाबाई मुलींना गाडीत घालून आणत होत्या. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल आणि त्यांच्या संस्थेतल्या धर्मशिक्षणाबद्दल तेव्हा मोठा वाद झाला, आजही होतो. पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्या मुलींच्या बाजूने बोलायचे तर आधी हे सांगितले पाहिजे की त्या वेळी दुसरे कोणी त्यांना नेत नव्हते, आणि कायद्याला तर त्या दिसतही नव्हत्या.

त्या १९२४ मध्ये दिसल्या.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि वेगळ्या जागा असाव्यात अशी शिफारस केली होती. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये आपापला मुलांचा कायदा केला. मुंबईचा कायदा मी या पुस्तकाचा मध्यबिंदू मानतो. सुधारशाळांच्या कायद्यांत नसलेली मुलगी त्यात आली. गुन्हा न केलेले मूल आले. घरदार नसलेले, उपजीविकेचे साधन नसलेले, आईबाप नसलेले किंवा असून सांभाळायला नालायक ठरलेले, वाईट संगतीत वाढणारे, असे प्रत्येक मूल ही सरकारची जबाबदारी आहे, असे मुंबई इलाख्यात कायद्याने प्रथम म्हटले. आज अधिकारांची भाषा आपल्या तोंडात रुळलेली असल्यामुळे यातले मोठेपण चटकन जाणवत नाही. तोवर अनाथ मूल हा पुण्याचा विषय होता. कोणाला दया आली तर त्याचे भाग्य. १९२४ नंतर दया आली नाही तरी कोणीतरी उत्तर द्यायला बांधलेला होता. ज्यांनी हा कायदा लिहिला, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पुढे जे लिहिणार आहे ते लिहितानाही.

कारण याच कायद्याने निराधार आणि गुन्ह्यात सापडलेल्या अशा दोघांना एका दारातून आत घेतले. न्यायालय एक, पोलीस तेच, वाट पाहण्याची जागा तीच. मेरी कार्पेंटर यांनी ज्यांना वेगळे ठेवा म्हटले होते, ते नोंदवहीच्या एका रकान्यात आले. आणि मुंबईत ती जागा कोणती होती? डोंगरीची. उमरखाडीचा १८०४ मध्ये बांधलेला तुरुंग. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर याच तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९२७ मध्ये कायदा मुंबई शहरात अमलात आला, त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तुरुंगाच्या त्याच इमारतीत मुलांचे रिमांड होम सुरू झाले. जागेची टंचाई असेल, पैशाचीही असेल. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण रस्त्यावर हरवलेल्या सहा वर्षांच्या पोराला ज्या भिंतीआड नेले ती तुरुंगाची भिंत होती, हे त्या पोराला समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारच्या वस्तीतल्या लोकांनाही नव्हती. माझ्या आजीच्या तोंडातला धाक मला तरी या भिंतीतून आलेला दिसतो.

या कायद्याच्या एका कलमाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. मुलाला शाळेतच पाठवले पाहिजे असे न्यायालयावर बंधन नव्हते. नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या ‘योग्य व्यक्ती’कडे मूल सोपवण्याची मुभा होती. मामा, मावशी, शेजारीण, गावची एखादी शहाणी बाई. कायद्याने घराचे दार उघडे ठेवले होते. पुढे काय झाले? संस्थाच ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता घेऊ लागल्या. ‘योग्य व्यक्ती संस्था’ असा शब्दप्रयोग सरकारी कागदांत रूढ झाला. माणसासाठी ठेवलेल्या जागेवर इमारत येऊन बसली. मामाच्या घराची चौकशी करायची तर परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने, एसटीने तीन तास जायचे, दोन वेळा खेप घालायची, अहवाल लिहायचा. संस्थेकडे पाठवायचे तर एक पत्र पुरते. मी कोणाला दोष देत नाही. एकेका अधिकाऱ्याकडे किती मुलांचे कागद असतात, ते मी पाहिले आहे.

पैशाची गोष्टही इथेच सांगतो. आयर्लंडमध्ये १८६८ पासून ब्रिटनच्याच धर्तीवर उद्योगशाळा होत्या, बहुतेक धर्मसंघांच्या ताब्यात. सरकार दर मुलामागे ठराविक रक्कम देई. मूल घरी गेले की रक्कम बंद. २००९ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांवर झालेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार जगापुढे आले. अख्खा देश हादरला. दरडोई पैशामुळेच अत्याचार झाले असे मी म्हणत नाही. पण मूल संस्थेत राहण्यात कोणाचा तरी लाभ असेल, तर ते घरी जावे यासाठी धडपडणारे माणूस मुद्दाम बाहेरून नेमावे लागते. आपल्याकडेही स्वयंसेवी बालगृहांना दरडोई अनुदान मिळते. मी पाहिलेल्या संस्थेत ते महिनोन्‌महिने थकायचे आणि अधीक्षक वाण्याकडे उधारी करून डाळ-तांदूळ आणायचे. तेव्हा हा हिशेब केवळ लोभाचा नाही, चूल पेटती ठेवण्याचाही आहे. तरीही तो मुलाच्या डोक्यावर मांडलेला हिशेब आहे, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी इथे थोडक्यात आटोपतो, कारण पुस्तकात तो सविस्तर आहे. मुंबई राज्याने १९४८ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा मुलांचा कायदा आणला आणि पुढे महाराष्ट्रातही तोच चालला. त्यात मान्यताप्राप्त शाळांचे जाळे वाढले. तरीही देशभरातल्या तुरुंगांत मुले सापडतच राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवण्यावर कठोर शब्दांत बोट ठेवले आणि त्याच वर्षी संसदेने सगळ्या देशासाठी एक बालन्याय कायदा केला. उपेक्षित बालकांसाठी वेगळे मंडळ आणि अपचारी, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या, बालकांसाठी वेगळे न्यायालय ही विभागणी त्यात झाली. कार्पेंटर यांच्या पुस्तकानंतर १३५ वर्षांनी.

२००० च्या कायद्याने ‘अपचारी’ हा शब्द काढला आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आणला. ‘उपेक्षित’ जाऊन ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ आले. रिमांड होमचे निरीक्षणगृह आणि सुधारगृहाचे विशेषगृह तर १९८६ मध्येच झाले होते. काही मित्र मला म्हणतात की हे नुसते पाटीवरचे रंगकाम आहे. मला तसे वाटत नाही. मुलाच्या कागदावर काय लिहिले आहे ते शाळेत दाखला घेताना, नोकरीला लागताना, लग्न जमताना समोर येते. तिथे ‘अपचारी’ नसणे ही लहान गोष्ट नाही. मात्र शब्द बदलले तेवढ्या वेगाने भिंती बदलल्या नाहीत, आणि रिमांड होम हा शब्द लोकांनी सोडलेला नाही. रिक्षावाल्याला निरीक्षणगृह सांगून पाहा.

२०१५ च्या कायद्याबद्दल बाहेर जी चर्चा झाली, ती बहुतेक सोळा ते अठरा वयाच्या, घृणास्पद गुन्ह्यात सापडलेल्या मुलांवर खटला कसा चालवावा यावर. त्या गदारोळात त्याच कायद्यातले एक तत्त्व झाकले गेले. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे तो स्पष्ट म्हणतो. आपल्या राज्यातली बालसंगोपन योजना याच वाटेवरची: अडचणीतल्या मुलासाठी दरमहा मदत नातेवाइकाला किंवा एकट्या आईला द्यायची, म्हणजे मूल घरातच राहील. कोविडमध्ये आईबाप गमावलेल्या मुलांमुळे ही योजना पुष्कळ घरांत पहिल्यांदा माहीत झाली. तिचे अर्ज भरताना लागणारे दाखले, बँकेचे खाते, तालुक्याच्या फेऱ्या, हे सगळे शेवटच्या प्रकरणात आहे. २०१८ मध्ये राज्याने अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण दिले, त्याच्या अनाथ प्रमाणपत्राचा प्रश्नही तिथेच घेतला आहे. आपल्याला कोणी नाही याचा पुरावा कोठून आणायचा, हे अठरा वर्षे संस्थेत काढलेल्या मुलीला खिडकीपाशी उभे राहून विचारले जाते.

आता थोडे पुस्तकाविषयी. कलमांचा अनुवाद करताना मी शक्य तिथे बोली मराठीच्या जवळ राहिलो आहे, कारण हे कायदे ज्यांच्यावर लागू झाले त्यांच्या आईबापांना ते कोणी कधी वाचून दाखवले नाहीत. मुलांची नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील कुठेही दिलेले नाहीत. नोंदवहीतल्या ओळी दिल्या आहेत त्याही थोड्या बदलून. वेत विणणाऱ्यांपैकी दोघे आता मोठे झाले आहेत. त्यांनी हस्तलिखिताची काही पाने वाचली आणि एका ठिकाणी माझे चुकले तेही सांगितले. बोटांना चिंध्या पहिल्या आठवड्यातच बांधतात, नंतर बांधल्या तर पट्टी घसरते. ती दुरुस्ती मी केली आहे.

ऋण एकाचे आवर्जून मानतो. ते निवृत्त परिविक्षा अधिकारी आहेत. नाव छापू नये ही त्यांची इच्छा. गृहचौकशीला जाताना ते मला दोन-चार वेळा बरोबर घेऊन गेले. छापील नमुन्यात उत्पन्न, जात, व्यसन, शेजाऱ्यांचे मत असे प्रश्न होते. ते सगळे ते नंतर भरत. घरात गेल्यावर चहा यायच्या आधी ते बाईला एकच विचारत: “पोरगं रात्री झोपायचं कुठं?” मग बाई उठून जागा दाखवायची. कधी पत्र्याच्या पेटीशेजारी, कधी आजीच्या पायाशी, कधी दाराबाहेर ओट्यावर. एकदा एका घरात आई उत्तर देण्याआधीच धाकटी बहीण उठली आणि भिंतीलगत गुंडाळून ठेवलेली वाकळ उलगडून दाखवू लागली. दादाची होती, तो गेल्यापासून कोणी घेतली नव्हती. साहेबांनी खिशातला कागद काढला आणि नमुन्यात जागा नव्हती म्हणून समासात लिहिले: अंथरूण ठेवले आहे. त्या मुलाची ऑर्डर पुढच्या महिन्यात झाली, घरी.